खर्जाचे ओझे

बेस गिटार शिकावयास येणारी मुले पहिल्या आठवड्यातच मला विचारतात, की गिटार कोणती घ्यावी आणि तिच्याबरोबर अँप्लिफायर कोणता घ्यावा. आणि उत्तर देण्याआधी मी प्रत्येकाला उलट एकच गोष्ट विचारतो, की बाळा, कार्यक्रमाला तू जाणार कशाने, आणि परत येणार कशाने? मुलांना हा प्रश्न अप्रस्तुत वाटतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर दुकानातल्या काचेमागे टांगलेले वाद्य असते, रस्ता नसतो. परंतु बालाघाटला राहून, दिवसा तहसील कचेरीत नकलनविसी आणि रात्री ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस, अशी ज्याची तीस वर्षे गेली, त्याला वाद्य आणि रस्ता या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. माझ्या बाबतीत तर पुष्कळशी निवड रस्त्यानेच केली, मी तिच्याखाली केवळ सही केली.

आमचा जिल्हाच मुळी जोडून झालेला आहे. १८६७ च्या सुमारास भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग एकत्र करून तो बांधला गेला, आणि त्यामुळे घाटाखालचा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा सपाट मुलूख आणि घाटावरचा बैहर-उकव्याकडचा सागासालाचा प्रदेश एकाच अमलाखाली आले. १९५६ पर्यंत आम्ही आणि विदर्भ एकाच राज्यात होतो, राजधानी नागपूर होती. त्या वर्षी राज्यांची फेररचना होऊन मध्ये सीमा आली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत, आणि जेथे सोयरिकी तेथे लग्ने, व जेथे लग्ने तेथे आमच्या सुपाऱ्या. गणपतीत गोंदिया-आमगावकडे मराठी गाणी, नवरात्रात लांजी-वारासिवनीला देवीची, आणि थंडीत मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवरील वसाहतीत निखळ हिंदी, असा आमचा वर्षाचा क्रम असे. इसार हातात पडला की तारीख पक्की. मग पाऊस असो, घाटात दरड पडलेली असो, किंवा वाहनाने ऐन वेळी दगा दिलेला असो, रात्री नऊला मंचावर तारा जुळलेल्या असल्याच पाहिजेत.

बेसकडे मी वळलो तो कानाच्या ओढीने. राहुलदेव बर्मन यांची गाणी रेडिओवर लागली की शब्दांच्या आणि चालीच्या तळाशी आणखी एक चाल चाललेली मला ऐकू येई, आणि ती कोण वाजवितो हे बऱ्याच वर्षांनी, टोनी वाझ हे नाव वाचले तेव्हा कळले. घरातल्या कोणालाही ती दुसरी चाल ऐकू येत नसे. मी आईला रेडिओजवळ बसवून, बोटाने तिच्या तळहातावर ठेका देऊन ती दाखवावयाचो, आणि ती म्हणावयाची, "हो रे, आहे खरं काही तरी, पण गाणं म्हणावं तसं नाही ते." आईचे हे वाक्य मला अजून पटते. बेस हे गाणे नव्हे. ज्या जमिनीवर गाणे उभे राहते ती जमीन आहे, आणि पायाखालची जमीन कोणी पाहत नाही म्हणून ती भक्कम असण्याची जबाबदारी काही कमी होत नाही.

माझी पहिली गिटार जुन्या बाजारातली, जड लाकडाची होती, आणि तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच होत्या की पहिल्या हंगामात डाव्या हाताच्या बोटांची टोके दोनदा फाटली. पण खरे ओझे गिटारचे नव्हते. ओझे होते पेटीचे. बालाघाटच्या एका सुताराकडून सागाच्या फळ्यांची, पंधरा इंची स्पीकर बसेल एवढी पेटी मी करवून घेतली, आणि तिच्यावर ठेवावयास दोन मोठ्या लोखंडी ट्रान्स्फॉर्मरचा अँप्लिफायर नागपूरहून आणला. दोन्ही मिळून एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वजनाला उतरत. अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाडीने तेव्हा जाणे होई, आणि त्या गाडीच्या डब्याचे दार इतके अरुंद होते की पेटी तिरपी केल्यावाचून आत जात नसे, स्टेशनवरचा एक वृद्ध हमाल प्रत्येक वेळी तिच्यावर हात ठेवून विचारी, "काहून जी, याच्यात मानूस हाय का?"

इतका भार कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याचे कारण खर्जाच्या स्वभावात आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि तिच्या ध्वनीची एक लाट हवेत आठ मीटरांहून अधिक लांब पसरते. एवढी लांब लाट ढकलावयाची तर स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यात मनुष्याचा कान मधल्या पट्टीतील स्वरांविषयी जितका जागरूक तितका खर्जाविषयी नसतो, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखविले आहे. म्हणजे गायिकेचा आवाज ज्या थोड्याशा शक्तीत मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो, त्याच्या अनेक पट शक्ती खर्जाला तेथवर नेण्यास लागते. शिवाय मांडवाला भिंती नसतात. सभागृहात खर्ज कोपऱ्याकोपऱ्यांत साठतो, भिंतींचा आधार घेऊन परत येतो. उघड्या शेतात बांधलेल्या मांडवातून तो चहूकडे निघून जातो. आणि खेड्यात गाण्यासाठी जे भोंगे लावलेले असत, त्यांतून खर्ज जातच नसे, त्यामुळे श्रोत्यांच्या वाट्याला जो काही बेस यावयाचा तो माझ्या एकट्या पेटीतून. मी पेटी जड केली ती हौसेने नव्हे.

ती पेटी वाजे मात्र खरोखर फार सुंदर. तिच्यापुढे उभे राहिले की पायजम्याची घडी वाऱ्याने हलावी तशी हलत असे, आणि तार सोडल्यावर स्वर पोटात उतरून तेथे क्षणभर थांबत असे. हे लिहिल्याशिवाय पुढचे लिहिणे प्रामाणिक होणार नाही.

परसवाड्याकडच्या एका गावी लग्नाचा कार्यक्रम आटोपून आम्ही पहाटे सामान भरीत होतो. पाऊस नुकताच थांबलेला, तख्तांचा मंच निसरडा, आणि जीपच्या मागच्या फळीपर्यंत चिखलच चिखल. आमचा ढोलकवाला वयाने माझ्याहून लहान, अंगाने किरकोळ, पण कोणाचेही सामान उचलावयास सर्वांआधी पुढे होणारा. "भाऊ, तुमी वरून धरा जी, मी खालून घेतो," असे म्हणून त्याने पेटी खालून उचलली. फळीवर चढविताना माझ्या बाजूची मूठ ओल्या हातातून निसटली, आणि पेटीची कड आणि जीपची लोखंडी फळी यांच्यामध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे आली. तो ओरडला नाही. त्याने केवळ, "थांबा जी, थांबा," असे दोनदा म्हटले, आणि आम्ही पेटी उचलीपर्यंत माझ्याकडे पाहत राहिला. ढोलकीची खर्जाची बाजू त्या हाताने वाजते. पुढले अडीच महिने, म्हणजे लग्नसराईचा सगळा भर, त्याला घरी बसावे लागले. पार्टीने मोबदल्यातला त्याचा वाटा चालू ठेवला, आणि मी माझ्याही वाट्यातून काही देत राहिलो; पण त्याची बोटे पुन्हा पूर्वीसारखी मिटली नाहीत, आणि त्याच्या ढोलकीतली ती गोल, घुमणारी मींड मी नंतर पूर्णपणे कधीच ऐकली नाही. माझ्या खर्जासाठी त्याचा खर्ज गेला, हे सत्य मी आजवर कोणापुढे फारसे बोललो नाही. आज लिहून ठेवतो.

त्यानंतर काही वर्षांनी नागपुरास सीताबर्डीवरील एका दुकानात मी पहिल्यांदा तो नव्या जातीचा अँप्लिफायर पाहिला. शाळेच्या दप्तराएवढा, तीन किलोंच्या आतला, आणि अंगावर पाचशे वॅट लिहिलेला. दुकानदाराने तो एका हाताने माझ्यापुढे धरला, तेव्हा मी सवयीने दोन्ही हात पुढे केले होते. माझा विश्वास बसला नाही. जन्मभर ज्याने शक्ती आणि वजन यांचा एकच हिशेब मांडला, त्याला वजनावाचून शक्ती म्हणजे दाखल्यावाचून अर्ज वाटावा, हे साहजिकच होते. म्हणून विकत घेण्यापूर्वी तो हलका का आहे हे मी समजून घेतले, आणि जे समजले ते मला आजही आश्चर्याचे वाटते.

जुन्या अँप्लिफायरचे वजन मुख्यतः त्याच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये असते. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नासच वेळा हेलकावते, आणि इतक्या सावकाश हेलकाव्यातून मोठी शक्ती पलीकडे पोहोचवावयाची तर पुष्कळ लोखंड आणि पुष्कळ तांबे लागते. नव्या यंत्रात ती वीज आधी सरळ करून, मग सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडून जोडून पुढे पाठविली जाते, आणि हेलकावा जितका शीघ्र तितका ट्रान्स्फॉर्मर लहान पुरतो; तळहातावर मावणारा गाभा तेच काम करतो. पुढे स्पीकरला शक्ती देणारे भागही, ज्यांना 'डी' वर्गाचे म्हणतात, एकतर पूर्ण उघडे नाहीतर पूर्ण बंद राहतात, मधल्या अवस्थेत रेंगाळून उष्णता उधळीत नाहीत. त्यामुळे उष्णता वाहून नेणारे ॲल्युमिनियमचे जड पंखही लागत नाहीत. इटलीतील मार्कबाससारख्या कारखान्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात असे अँप्लिफायर बेसवाल्यांच्या हाती दिले. स्पीकरची कथाही तशीच. १९८० नंतरच्या दशकात जपान आणि अमेरिका येथे निओडिमियमचे लोहचुंबक निघाले, आणि जेथे पूर्वी भाकरीएवढे जाड चुंबक लागे तेथे पेढ्याएवढे पुरू लागले.

त्या तळहाताएवढ्या ट्रान्स्फॉर्मरचा गाभा बहुधा मँगेनीज आणि जस्त यांच्या फेराइटचा असतो, हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. बालाघाटच्या वेशीवर भरवेली आहे, आणि भरवेलीची मँगेनीजची खाण आशियातील खोल खाणींत गणली जाते. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट म्हणून ज्या धंद्याची सुरुवात झाली, तोच पुढे १९६२ मध्ये मँगेनीज ओअर इंडिया झाला, आणि त्याची मुख्य कचेरी नागपुरास आहे. लहानपणापासून खाणीच्या पाळीचा भोंगा ऐकून आम्ही घड्याळे लावली, ट्रकांतून सांडलेले काळे खडे रस्त्यावरून लाथाडले. माझ्या अँप्लिफायरमधले मँगेनीज भरवेलीचेच असेल असे मी म्हणत नाही, तसे म्हणावयास मला काही आधार नाही. पण आयुष्यभर मी जे लोखंड घाटावरून वाहिले, त्याला पर्याय ठरलेला धातू माझ्या गावाच्या पोटात होता, ही गोष्ट मनातून जात नाही.

अँप्लिफायर घेतला, आणि दहा इंची दोन स्पीकरांची हलकी पेटी घेतली. येथे मुलांना मी एक गोष्ट निक्षून सांगतो: वॅटांच्या आकड्यावर जाऊ नका. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, तो जेमतेम एक पायरी चढतो. कानाला दुप्पट वाटावयास सुमारे दहापट वॅट लागतात. शिवाय पाचशेचा आकडा चार ओमच्या जोडणीचा असतो, आठ ओमची एकच पेटी लावली तर तोच अँप्लिफायर तीनशेच्या आसपास येतो, आणि हे बारीक अक्षरांत मागे छापलेले असते. दुसरी गोष्ट अशी, की पेटी लहान असावी, आवाज मोठा यावा आणि खर्जही खोल मिळावा, या तिन्ही मागण्या एकदम मान्य होत नाहीत. निसर्गाचा तसा हुकूमच आहे, दोन मिळतात आणि तिसरी सोडावी लागते. मी तिसरी सोडली. खर्जाचा अगदी तळ माझ्या नव्या पेटीत नाही, पायजम्याची घडी आता हलत नाही. पण मोठ्या कार्यक्रमांत साउंडवाला माझी लाइन थेट मिक्सरला घेतो, आणि तळ त्याच्या मोठ्या पेट्यांतून निघतो. माझी पेटी मग केवळ मला आणि ढोलकवाल्याला ऐकू यावी एवढ्यासाठी उरते. लहान गावी पेटी मी तख्तांवर ठेवीत नाही, कारण तख्ते पोकळ असतात आणि स्वर त्यांत गुरगुरतो. ती जमिनीवर, मागे शाळेची किंवा पंचायतीची भिंत असेल तर तिला लागून ठेवतो. भिंत आणि जमीन मिळून पुष्कळ काम करतात, आणि त्यांना वाहून न्यावे लागत नाही.

गिटारच्या निवडीतही अखेरीस मांडवच बोलला. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९६० मध्ये जॅझ बेस; आज दुकानात टांगलेल्या बहुतेक गिटारी या दोहोंपैकी एकीच्या वंशातल्या असतात. जॅझ बेसचा आवाज मला अधिक प्रिय आहे, त्यातला मधला नाकातला स्वर फार बोलका असतो. तरीही मी प्रिसिजनच्या घडणीची घेतली. त्याचे कारण असे, की जॅझच्या, तारांची कंपने टिपणाऱ्या दोन पिकअपांपैकी एकाचा आवाज कमी केला की बाहेरच्या विजेची गुणगुण शिरते, आणि आमच्याकडे मांडवात अर्थिंग असतेच असे नाही. प्रिसिजनचे पिकअप १९५७ पासून दोन अर्ध्या भागांचे आहे, आणि ते भाग एकमेकांची गुणगुण छेदून टाकतात. बॅटरीवर चालणारी गिटार मी घेत नाही, कारण जॅक लावलेला राहिला की बॅटरी उतरते, आणि रात्री बारा वाजता बैहरला नऊ व्होल्टची बॅटरी कोणते दुकान देणार? पाच तारांचीही घेतली नाही. पाचवी तार सेकंदाला ३१ कंपनांपर्यंत खाली जाते, आणि जो स्वर माझी पेटी वाहू शकत नाही त्याच्यासाठी रुंद गळा आणि जास्त लाकूड खांद्यावर का घ्यावे? वजन चार किलोंच्या आसपास असावे. मात्र नुसत्या हलकेपणाच्या मागे लागू नये, कारण अंग फार हलके असले की गळा खाली झुकतो, आणि तो डाव्या हाताने तोलून धरता धरता पहाटेपर्यंत मनगट कामातून जाते. गावातल्या चर्मकाराकडून चार बोटे रुंद, आतून नमदा लावलेला कातडी पट्टा मी करवून घेतला. एवढ्याशा त्या पट्ट्याने माझा डावा खांदा वाचविला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि पिशवीत एक हातभर लांब लोखंडी सळई असते, मिठाची पुडी असते. एकदा कटंगीकडे आमच्या गायिकेने माइक ओठांजवळ नेताच तिला झटका बसला, आणि "दादा, माझ्या दातांतून वीज गेली," असे म्हणत ती मागे सरली. तिच्या दुसऱ्या हातात माझ्या गिटारचा गळा होता, कारण ती मला तो क्षणभर धरून देत होती. माइक एका वायरीवर, माझा अँप्लिफायर दुसरीवर, आणि दोहोंच्या जमिनीचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हापासून मंडपात पोहोचल्यावर पहिले काम तारा जुळविण्याचे नव्हे. मंचामागे ओलसर जागा पाहावयाची, सळई ठोकावयाची, मुळाशी मीठ घालून कळशीभर पाणी ओतावयाचे, सगळ्यांचे अर्थिंग तिच्यावर आणावयाचे, टेस्टर माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारेला लावून पाहावयाचा, आणि टेस्टरमधला दिवा लागत नाही हे गायिकेला तिच्या डोळ्यांनी दाखवावयाचे. इतके झाल्यावाचून मी कोणाला माइक धरू देत नाही, मग यजमान कितीही घाई करोत.

गेल्या हिवाळ्यात उकव्याला कार्यक्रम होता. ढोलकवाला अजून आमच्यातच आहे. आता तो बहुतेक ऑक्टोपॅड वाजवितो, ढोलकी मागणीपुरती काढतो. कार्यक्रम संपल्यावर मी सळई उपटून पुसत होतो, तोवर त्याने अँप्लिफायरची पिशवी उचललीही होती, डाव्या हाताने, दोन बोटे ताठ ठेवून, बाकीच्या दोहोंत आणि अंगठ्यात तिचा पट्टा अडकवून. मी पुढे झालो, तर तो म्हणाला, "राहू द्या जी भाऊ, काही नाही याच्यात." जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून त्याने ती मांडीवर घेतली. घाट उतरताना तो झोपी गेला. भरवेलीशी आलो तेव्हा खाणीचे दिवे जळत होते, रात्रपाळीची माणसे सायकली हातात धरून फाटकाकडे चालली होती. जीपला हिसका बसला, तसा झोपेतच त्याचा हात पिशवीवर घट्ट झाला.